खानदेशातले चिखल तुडवणारे पक्षी : कुठे शोधायचे, कसे ओळखायचे

ऑक्टोबरात हतनूरचं धरण तुडुंब भरलेलं असतं. नवी दुर्बीण घेतलेले लोक नेमके तेव्हाच तिथे जातात, दोन-चार पाणकावळे आणि लांबवर वारकरी (कूट) पक्ष्यांचा काळा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा बघतात आणि ‘पक्षी अजून आले नाहीत वाटतं’ म्हणत परततात. पक्षी आलेले असतात. फक्त त्यांना पाय टेकायला तिथे जागा नसते, म्हणून ते शेताच्या बांधाला साचलेल्या डबक्यात, नाल्याच्या मुखाशी, एखाद्या फुटलेल्या पाटाच्या पाण्यात उभे असतात. माझे पहिले दोन हिवाळे असेच भरलेल्या पाण्याकडे बघण्यात गेले. ते तुमचे जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शेकाट्या, तुतारी, टिलवा, चिखल्या, पाणलावा या मंडळींना पक्षीनिरीक्षक सरसकट ‘वेडर’ म्हणतात. पाण्यात न पोहता चालणारे पक्षी, एवढाच त्याचा अर्थ. बगळे, शराटी, चमचे, करकोचे हेही चालतातच, त्यामुळे तेही ओघात येतील. पण ते ओळखायला सोपे आहेत. नवख्या माणसाला घाम फोडतात ते छोटे, तपकिरी, एकसारखे दिसणारे.

पहिली पायरी : पाण्याची खोली वाचा

नावं पाठ करण्याआधी हे शिका. प्रत्येक वेडरच्या पायाची लांबी ठरलेली आहे आणि ती लांबीच तो कुठे उभा राहील ते ठरवते. टिलव्याचे पाय तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढे, म्हणून तो पाण्याच्या अगदी कडेवरच्या ओल्या चिखलात. तुतारी त्याच्या जराशी आत, पायाचे पंजे बुडतील एवढ्या पाण्यात. शेकाट्या आपल्या काडीसारख्या गुलाबी पायांवर वीतभर पाण्यातही निवांत फिरतो. त्याच्याही पलीकडे चमचा आणि चित्रबलाक, आणि मग बदकं. कडेच्या कोरड्या, भेगाळलेल्या भागात टिटवी आणि चिखल्या. एकाच काठावर अशी पाच-सहा पट्ट्यांची वस्ती असते. पट्टा दिसला की निम्मी ओळख झाली.

म्हणजे शोधायचा तो ओसरत्या पाण्याचा काठ. पाणी मागे सरकतं तसा ताजा चिखल उघडा पडतो, त्यात अळ्या, गांडुळं, बारक्या गोगलगायी असतात. हा चिखल दोन-तीन आठवड्यांत वाळून टणक होतो आणि मग चोच आत जात नाही. पक्षी पाण्यामागून सरकत राहतात. गेल्या महिन्यात जिथे शंभर दिसले तिथे आज एकही नसतो, आणि अर्ध्या किलोमीटरवर सगळे असतात.

आपल्याकडे हे पाणी कधी हलणार ते आधी कळतं, हे खानदेशाचं भाग्य. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी धरणातून पाळीने सोडलेलं पाणी, कधी सुटणार हे वर्तमानपत्रात येतं, शेतकऱ्यांना तर तोंडपाठ असतं. आवर्तनानंतर जलाशयाची पातळी उतरली की चार-सहा दिवसांनी जा. गिरणेचं उलट आहे. धरणातून नदीपात्रात पाणी सोडतात, कोरडं पात्र वाहू लागतं, तेव्हा काही दिसत नाही. आवर्तन बंद झाल्यावर पात्रात जी डबकी उरतात, त्यांच्या काठी बघायचं. माझा अनुभव असा, की आवर्तनाची तारीख लक्षात ठेवणाऱ्याला महागड्या दुर्बिणीवाल्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात.

दुसरी पायरी : जागा निवडा

सुरुवात घराजवळून करा. जळगावात असाल तर मेहरूण तलाव. तिथे फिरायला येणाऱ्यांची पक्ष्यांना सवय झालेली असते, त्यामुळे ते लवकर बुजत नाहीत आणि तुम्हाला निवांत बघता येतं. धुळ्याच्या लोकांना नकाणे आणि डेडरगाव हे तलाव आहेत. गावाचं सांडपाणी जिथे नाल्यातून नदीला मिळतं ती जागाही सोडू नका. वास येतो हे खरं, पण त्या काळ्या चिखलात शेकाट्यांचे थवेच्या थवे असतात आणि सोबत हमखास दोन-चार तुतारी.

सराव झाला की हतनूर. भुसावळजवळ तापीवर बांधलेल्या, ४१ दरवाज्यांच्या या धरणामागे तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचं पाणी अडतं. पूर्णा विदर्भातल्या काळ्या मातीतून येते आणि येताना ती माती घेऊन येते. धरणाच्या दृष्टीने हा गाळ म्हणजे मोठी अडचण आहे. पण त्याच गाळाने उथळ पाण्याची आणि दलदलीची ऐसपैस पसरट जागा तयार झाली, आणि हतनूरची गणना देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत झाली. मला विचाराल तर भिंतीपाशी वेळ घालवू नका. वर, चांगदेवाच्या देवळाजवळ, तापी-पूर्णेच्या संगमाच्या बाजूला जा. पाणी उतरलं की तिथे काठाकाठाने गाळपेरा होतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, आणि हिरव्या पिकाची कड आणि चिखल जिथे भेटतात तिथे पक्षी दाटीने दिसतात.

नंदुरबारकडे तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे, आहेत. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला जाणारच असाल तर दुर्बीण सोबत ठेवा आणि पहाटेचा एक तास नदीला द्या. धुळे जिल्ह्यात पांझरेवरचे जुने फड बंधारे (शेतकरी मिळून पाणी वाटून घेतात त्या पद्धतीचे) बघण्यासारखे आहेत. बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी खडकांतून पसरतं, तिथे हिरवी तुतारी एकटीच बसलेली असते. पद्मालयाच्या तळ्यात कमळं आहेत, तिथे वेडर कमी, पण कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी शोधायला ती जागा छान. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण हे अभयारण्य आहे, तिथे वनविभागाची परवानगी घेऊनच जा.

तोरणमाळला मात्र केवळ वेडरसाठी जाऊ नका. यशवंत तलाव सुंदर आहे, पण डोंगरातल्या तळ्यांचे काठ उतरते आणि पाणी लगेच खोल होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या बऱ्याच धरणांचं हेच आहे.

तिसरी पायरी : वेळ, ऊन आणि सामान

पहिले पाहुणे ऑगस्टच्या अखेरीसच येतात. बऱ्याचदा ती एखादी हिरवी किंवा ठिपकेवाली तुतारी असते, भर पावसात, शेताच्या डबक्यापाशी. खरी गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून परतीचा प्रवास सुरू होतो आणि एप्रिल संपेपर्यंत बहुतेक निघून जातात. छोटा टिलवा तर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो. हा पक्षी जेमतेम २५-३० ग्रॅमचा असतो. तो एवढ्या लांबून येऊन आपल्या भुसावळच्या चिखलात अळ्या वेचतो, हे आठवलं की मला अजूनही हातातली दुर्बीण क्षणभर खाली घ्यावीशी वाटते.

सकाळी सातला काठावर हजर राहा. साडेदहानंतर खानदेशातलं ऊन, अगदी जानेवारीतलंही, चिखलावर हवा थरथरवायला लागतं आणि लांबचे पक्षी वितळल्यासारखे दिसतात. त्या धूसर चित्रावरून ओळख पटवू नका, चूक होते.

ऊन पाठीमागे ठेवणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय आहे. समोरून ऊन आलं तर सगळेच पक्षी काळे दिसतात, मग पायाचा रंग कुठला कळणार? तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणजे तिला उत्तर आणि दक्षिण असे दोन काठ. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. त्यामुळे दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे बघितलं तर सकाळपासून दुपारपर्यंत उजेड आपल्या बाजूने असतो. जागा ठरवताना फोनवर नकाशा उघडा आणि दक्षिण काठाला गाडी कुठपर्यंत जाते ते बघून ठेवा.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेण्याचा मोह होतो, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि नवख्या माणसाला पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. कपडे मातकट रंगाचे. एक वही, पेन्सिल, पाणी, टोपी. पहाटे बोचरी थंडी आणि अकराला चटका, तेव्हा वरून काढता येईल असा स्वेटर. फोटोंसाठी मोठा कॅमेरा असेल तर उत्तमच, पण पहिलं वर्ष तरी आधी डोळ्यांनी बघा, मग फोटो. कॅमेऱ्यात गुंतलेला माणूस पक्ष्याचं चालणं बघत नाही, आणि वेडरची अर्धी ओळख त्याच्या चालण्यात असते.

चौथी पायरी : आधी सहा पक्षी पक्के करा

हे सहा डोळे मिटून ओळखता आले की बाकीचे त्यांच्याशी ताडून बघता येतात.

शेकाट्या : काळे पंख, पांढरं अंग, सरळ बारीक काळी चोच, आणि अंगाच्या मानाने अविश्वसनीय लांब गुलाबी पाय. दुसऱ्या कशाशी गफलत होणार नाही.

टिटवी : डोळ्यापुढे लाल मांस, छाती काळी, पाय पिवळे. आवाज सगळ्या खेड्यांना ठाऊक. तिने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आपल्याकडचे म्हातारे सांगतात. माळरानावर पिवळ्या गाठीची तिची बहीणही भेटते.

कंठेरी चिखल्या : चिमणीहून थोडा मोठा, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळी कडी. तुरुतुरु धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. याचे डोळे मोठे, तो बघून शिकार करतो. पाणलावा चोचीने चाचपडत शोधतो. धावून थबकणारा दिसला की चिखल्याच्या घराण्यातला समजा.

सामान्य तुतारी : साळुंकीएवढी, मागचा भाग सतत वरखाली हलवत चालते. खांद्यापुढे पांढऱ्या रंगाची एक पाचर वर घुसलेली दिसते, तीच खूण. उडताना पाण्यालगत, ताठ पंख थरथरवत जाते.

वंचक, म्हणजे आपली ढोकरी : मातीत मिसळून गेलेली, उडाली की एकदम पांढरी.

काळा शराटी : काळा, खाली वाकलेली चोच, डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर पांढरा डाग. नांगरलेल्या शेतातही दिसतो.

पाचवी पायरी : छोटे तपकिरी

इथे घाई करू नका. क्रमाने चार प्रश्न विचारा. आकार केवढा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की पारव्याएवढा? चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट? पाय कोणत्या रंगाचे? उडाल्यावर पंखांवर आणि पाठीवर पांढरं कुठे दिसलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे आणि उत्तर द्यायला दोन सेकंदच मिळतात. पक्षी उडाला की त्याच्या मागे नुसती दुर्बीण फिरवू नका, पाठ बघा. हिरवी आणि ठिपकेवाली तुतारी बसलेल्या असताना नवख्याला सारख्याच वाटतात. हिरवी वरून गडद, उडाली की कमरेवर लख्ख पांढरं, आणि पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी. ठिपकेवालीच्या पाठीवर भरपूर ठिपके, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, पाय पिवळसर, पंखाची खालची बाजू फिकट. सवयीही वेगळ्या. हिरवी एकलकोंडी, नाल्यात, अरुंद जागेत. ठिपकेवाली उघड्या दलदलीत, चार-आठ जणींत.

ग्रीनशँक आणि रेडशँक पारव्याच्या आसपासचे. ग्रीनशँकची चोच किंचित वर वळलेली, पाय हिरवट, आणि उडताना ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ अशी तीन सुरांची खणखणीत हाक. रेडशँकचे पाय लाल, चोचीचं बूडही लाल, आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. यांच्यात एखादा अगदी सडपातळ, सुईसारख्या चोचीचा दिसला तर तो मार्श सँडपायपर. लहान डोकं, फुगीर पोट आणि पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असेल तर रफ.

टिलवे दोन प्रकारचे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. वाचायला सोपं वाटतं. पण चिखलात उभ्या पक्ष्याचे पाय चिखलाच्याच रंगाचे होतात, आणि एका डिसेंबरात मी सबंध सकाळ पिवळट पायांना काळे समजून वहीत चुकीचा आकडा लिहिला होता. पक्षी पाण्यात शिरून बाहेर येईपर्यंत थांबा, पाय धुतले जातात, मग रंग लिहा.

पाणलावा शोधून दिसत नाही, पायाखालून उडतो. गवताळ दलदलीतून एकदम ‘स्केप’ असा आवाज करत वेडावाकडा वर जातो. बसलेला सापडलाच तर पाठीवरच्या पिवळट लांब पट्ट्या आणि अंगाला न शोभणारी लांब चोच बघा. त्या चोचीचं टोक एवढं संवेदनशील असतं की चिखलात खुपसल्यावर फक्त टोक उघडून तो आतली अळी धरतो. त्याचा नावापुरता भाऊबंद असलेला रंगीत पाणलावा मात्र वेगळ्या कुळातला. त्यात मादी जास्त रंगीत, आणि अंडी उबवायचं काम नराचं.

मराठी नावांचं एक सांगून ठेवतो. ती पुस्तकागणिक बदलतात. कुणी तुतारी लिहितं, कुणी तुतवार. टिलवा हे नाव काही जण रेडशँक-ग्रीनशँकलाही लावतात. म्हणून मी वहीत मराठी नावाशेजारी इंग्रजी नावही लिहून ठेवतो. गावात विचारताना मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि ‘चिखलात पळणारा, चिमणीएवढा’ असं वर्णन करा. मासेमारी करणाऱ्या भोई-कोळी मंडळींना कोण कुठे बसतो ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

सहावी पायरी : जवळ कसं जायचं, आणि कुठे थांबायचं

जलाशयाच्या वाळलेल्या दिसणाऱ्या चिखलावर चालत जाऊ नका. वरची साय टणक असते, खाली लोण्यासारखा गाळ. गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मी एकदा गॉडविट या लांब चोचीच्या वेडरच्या थव्याकडे सरळ निघालो होतो. जाळं आवरत बसलेले एक बाबा ओरडले, “तठे नको जाऊ भाऊ, खाले गाळ शे!” तोवर एक पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. त्यांनी बांबू पुढे केला म्हणून निघालो. तेव्हापासून मी काठावर पोचलो की आधी माणसांना विचारतो, मग पक्षी बघतो. बॅरेजच्या खालच्या पात्रात तर पाण्याजवळ उतरूच नका. दरवाजे उघडले की पाणी किती वेगाने चढतं हे काठावरून कळत नाही.

जवळ जायची सुरक्षित युक्ती म्हशींकडून शिकावी. म्हशी आणि गुराखी यांना हे पक्षी अजिबात भीत नाहीत. गुरं जिथे पाण्यावर येतात तिथे बाजूला खाली बसून राहा. माणूस बसला की लहान होतो. वीस मिनिटांत पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात. गाडी काठाजवळ जात असेल तर उतरूच नका, काच खाली करून आतून बघा.

पक्षी खाणं थांबवून माना ताठ करून बघायला लागले, किंवा सगळे एकाच दिशेने चालायला लागले, की तुम्ही फार जवळ आलात. एक पाऊल मागे घ्या. फोटोसाठी थवा उडवणं हे मला सहन होत नाही, आणि तुम्हीही कुणाला करू देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये तर त्यांना प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक उडी त्यातून वजा होते.

नोंद जागेवरच करा : तारीख, वेळ, जागा, पाण्याची पातळी, प्रत्येक पक्ष्याची संख्या. मोठा थवा दहा-दहाच्या गटांत मोजा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती तुमच्यापुरती न राहता सगळ्यांच्या उपयोगी पडते. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून सुरू आहे. तुमच्या भागात कुणी करत असेल तर सोबत जा. मुरलेल्या माणसाशेजारी उभं राहून घालवलेली एक सकाळ महिनाभर पुस्तक चाळण्यापेक्षा जास्त शिकवते.

उन्हाळ्यात

पाहुणे गेले तरी काठ रिकामा होत नाही. मार्च ते जून या काळात आपले रहिवासी अंडी घालतात, आणि तीही उघड्यावर. टिटवी चार खड्यांत चार अंडी ठेवते. तापी-गिरणेच्या वाळूच्या पट्ट्यांवर छोटा आर्ली, नदी सुरय आणि कंठेरी चिखल्या असतात. अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. वाळूउपशाचे ट्रॅक्टर एका रात्रीत असा सबंध पट्टा उचलून नेतात, त्यात किती घरटी गेली ते कुणी मोजत नाही. असा पट्टा माहीत असेल तर त्याची तारखेनिशी नोंद ठेवा, फोटो काढा, वनविभागाला कळवा.

वाळूवर चालताना एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढून जायला लागला, तर तो जखमी नाही. तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतो आहे. त्याच्या मागे जाऊ नका, अंडी शोधू नका. जागेवर थांबा, आपल्या आलेल्या पावलांचे ठसे बघा आणि त्याच ठशांवर पाय ठेवत मागे फिरा.